शेवटची दोन रिळं

मला कुसुमलता आवडत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी 'सूरजबाईंचं मन किती मोठं' वगैरे म्हणायला नको. माझं मन मोठं नाही. जामनेरात कुणालाही विचारा.

ती माझी धाकटी जाऊ. माझे यजमान केवलचंद थोरले, पारसमल धाकटा, आणि कुसुमलता पारसमलची बायको. दोघा भावांचं पेठेत कापडाचं दुकान, दुकानाला लागून घर, आणि घरावर सासूबाईंचं, म्हणजे झमकूबाईंचं राज्य. घरात आम्ही मारवाडी बोलतो. इथे मराठीत लिहिते आहे, कारण शाळेत लिहायला तेवढंच शिकले.

कुसुमलता आली तेव्हा त्या घरात मला राबायला लागून वीस वर्षं झाली होती. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ती हीच. तिचे पापड पातळ, तिचा आवाज गोड, तिला मशीनवर पोलकी शिवता येत. सासूबाई म्हणायच्या, "कुसुम, एखादं स्तवन म्हण." मी वीस वर्षांत एकदा म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "सूरज, दूध उतू जातंय बघ."

मग सहा वर्षं तिला मूल झालं नाही आणि सगळा गोडवा कडू झाला. सासूबाई तिच्या हातचं पाणी पिताना तोंड फिरवू लागल्या. पारसमल तिच्याशी बोलेनासा झाला. बोलायचा तो ताटाशी, "मीठ कमी आहे." मला वाईट वाटलं का? थोडं. बरं वाटलं का? तेही थोडं.

आमच्या घराला दोन दारं. पुढचं पेठेवर उघडतं, मागचं बोळात. बायकांची ये-जा मागच्या दाराने. सून पुढच्या दारातून दोनदाच जाते, लग्न होऊन येते तेव्हा आणि चौघांच्या खांद्यावर जाते तेव्हा. असा नियम कुणी केला ते सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

एकोणसत्तर सालच्या पौषात गावातल्या पत्र्याच्या थेटरात एक हिंदी सिनेमा लागला. त्याचं नाव मी लिहीत नाही, माझ्या तोंडाला कडू लागतं. श्रीमंत घरातली सून घरी येणाऱ्या गाणं शिकवणाऱ्या मास्तरच्या प्रेमात पडते आणि घर सोडून जाते, अशी गोष्ट. मंगळवारी तीनचा खेळ खास बायकांसाठी असायचा. पेठेतल्या आम्ही चाळीसएक मारवाडी बायका ओळीने जाऊन बसलो. सासूबाई मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला कुसुम.

आता आमची पंचाईत अशी की आम्ही जैन. दिवस बुडाल्यावर अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही. पौषात सहा वाजायच्या आतच दिवस बुडतो. म्हणजे सव्वापाचला उठायचं, घरी जाऊन पुरुषांना वाढायचं, आपण खायचं, चूळ भरून मोकळं व्हायचं. सिनेमा अडीच तासांचा. त्यात मध्येच लाईट गेले, अर्धा तास वाया गेला. सव्वापाचला पडद्यावर ती नटी मास्तरबरोबर रेल्वेत बसली, शिट्टी झाली, गाडी हलली, तिने डोक्यावरचा पदर मागे टाकला आणि खिडकीतून वारा घेतला. आणि सासूबाई उठल्या. त्या उठल्या म्हणजे चाळीसही उठल्या.

दारावरचा माणूस ओरडत होता, "ओ बाई, अजून दोन रिळं शिल्लक आहेत! शेवट राह्यला!"

"शेवट तू बघ," सासूबाई म्हणाल्या. "आमच्यासाठी सूर्य थांबणार आहे का?"

कुसुम उठेना. तिचा दंड धरून मी तिला ओढलं. बोळातून घरी जाताना ती मला हळूच म्हणाली, "भाभी, पुढे काय होत असेल हो?"

"काय व्हायचंय? गेली ती गेली. गाडी सुटली की सिनेमा संपला. पाय उचल, कढी व्हायची आहे."

आमच्या सगळ्याच बायकांची तीच समजूत झाली. पाण्यावर, साधू उतरतात त्या आमच्या स्थानकात, पापड लाटताना महिनाभर तेच बोलणं. मेली नवऱ्याला सोडून गेली, सासूच्या तोंडाला काळं फासून गेली, आणि तिला काही म्हणजे काही झालं नाही. बोलताना सगळ्या थू थू करायच्या. पण पदर मागे टाकल्याचं सांगताना प्रत्येकीचा हात आपल्या डोक्याकडे जायचा, हे मी पाहिलंय. माझाही गेला असेल.

पुरुषांचं वेगळं. ते साडेपाचला जेवून, ढेकर देऊन साडेसहाच्या खेळाला जायचे आणि सिनेमा शेवटपर्यंत बघून यायचे. पारसमल पाचदा गेला. एका घरातल्या माणसांनी एकच सिनेमा पाहिला, पण बायकांनी एक पाहिला आणि पुरुषांनी दुसरा. त्यांच्यापैकी एकानेही घरी येऊन बायकोला शेवट सांगितला नाही. आमच्यात पुरुष बायकांशी सिनेमा बोलत नाहीत. बोलतात काय, तर मीठ कमी आहे.

त्याच दिवसांत आमची शिलाई मशीन बिघडायला लागली. कधी पट्टा तुटे, कधी सुई वाकडी, कधी टाके उसवत. धुळ्याचा अभिमन नावाचा कारागीर दर पंधरा दिवसांनी मशिनी दुरुस्त करायला जामनेरला यायचा. तो ओसरीवर बसून ती खोलायचा, कुसुम चौकटीआड उभी राहून काय बिघडलं ते सांगायची. तीन महिने एकच मशीन बिघडत राहिली आणि मला, जिला दुधात माशी पडली तर वरच्या मजल्यावर कळतं, त्या मला काही कळलं नाही. डोळे असून आंधळी म्हणतात ती मी.

चैत्रातल्या एका दुपारी सगळ्या बायका स्थानकात महाराजांचं व्याख्यान ऐकायला गेलो. कुसुम डोकं दुखतंय म्हणून घरी राहिली. परत आलो तर चूल विझलेली, मागचं दार नुसतं लोटलेलं आणि मशीनवर कापडाचं झाकण नीट घातलेलं. तिची लहान पेटी नव्हती. संध्याकाळच्या आत अख्ख्या पेठेला कळलं की पारसमलची बायको मशीनवाल्याबरोबर धुळ्याच्या गाडीत बसली.

सासूबाई पहिल्या दिवशी रडल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "सुंठीवाचून खोकला गेला. वांझ होती. पारसची दुसरी करू." तिसऱ्या दिवशी धरणगावहून निरोप आला, आणि तिथे माझं दुखणं सुरू झालं.

माझी मुलगी कंचन. सतरा वर्षांची. तिची सोयरीक धरणगावच्या रुपचंदजींच्या मुलाशी ठरली होती. सरकीचा मोठा व्यापार, घर चांगलं, मुलगा निर्व्यसनी. कंचनने त्याला एकदाच पाहिलं होतं, खाली मान घालून, तरी त्याच्या शर्टाला किती गुंड्या होत्या ते मला सांगू शकली असती. अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त. आणि रुपचंदजींचा निरोप असा की, ज्या घरातून सून पळते त्या घरातली मुलगी आम्ही कशी आणायची?

माझा जो संताप झाला, तो आजही निवलेला नाही. तू गेलीस, वारा घेतलास खिडकीतून, आणि पाय कुणाचा अडकला? माझ्या पोरीचा. कंचन रात्रंदिवस नुसत्या उशीच्या खोळी शिवत होती, त्याच मेल्या मशीनवर.

आठ दिवस दोघे भाऊ धरणगावला खेपा घालत होते. नवव्या दिवशी मला बोलावलं. सासूबाई गादीवर, आमचे हे भिंतीकडे बघत, आणि पारसमल चक्क हसऱ्या तोंडाने.

"रुपचंदजी तयार आहेत," तो म्हणाला. "त्यांचं म्हणणं, एकदा तिचा काय तो निकाल लावा. भाभी, तुमचं माहेर धुळ्याचं. तुम्ही जा आणि तिला घेऊन या. सांगा, झालं गेलं मी विसरलो."

मी 'बरं' म्हणायला तोंड उघडलं.

"पण एक," तो म्हणाला. "चोरासारखी मागच्या दाराने नको. पुढच्या दाराने यायचं. लग्नातली लाल चुनडी नेली आहे तिने, ती ओढून. गुरुवारी, भर बाजारात, बाराच्या सुमाराला. चार लोकांनी बघितलं पाहिजे."

पुढच्या दाराने! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, ह्या ठोंब्याला सहा वर्षांनी का होईना अक्कल आली, बायकोला मानाने घरात घेतोय. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी जपमाळ उचलली आणि डोळे मिटले. आमचे हे भिंतीकडेच बघत होते. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट. त्या आठवड्यात पारसमल दाढी करताना आरशासमोर हिंदीत काहीतरी पुटपुटायचा. "इस घर की बहू तो मर चुकी. तू कौन है?" एकदा हळू, एकदा जोरात, एकदा भुवई उचलून. मला वाटलं, बायको गेल्याचा घाव डोक्यात गेला. मी त्याच्यासाठी बदामाचा शिरा केला, माझी मेलीची अक्कल!

मंगळवारी सकाळी एसटीने निघाले. जळगावला गाडी बदलली, पारोळ्याला उन्हाने जीव गेला, दुपारी दोनला धुळ्याला भावाच्या घरी पोचले. स्टँडवरच त्या सिनेमाचं पोस्टर होतं. ती नटी, खिडकी, वारा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावजयीला म्हटलं, "चल, बघायचाय मला हा. ह्या बयेने माझं घर मोडलं, तिचं तोंड एकदा नीट बघू दे."

साडेचारचा खेळ. गाडी सुटली, पदर मागे पडला. भावजय उठायला लागली. तीही जैनच, घरी जेवणं व्हायची होती.

"बस," मी म्हटलं. "पुढे आहे म्हणे."

"दिवस बुडेल ना."

"बुडू दे. एक वेळ उपाशी राहू."

आणि मी ती शेवटची दोन रिळं पाहिली.

मास्तर आठ दिवसांत आजारी पडतो आणि मरतो. ती एकटी पडते. मग नवऱ्याच्या घरून निरोप येतो, परत ये, सगळं विसरलो. ती लग्नातला लाल शालू नेसते. भर दुपारी, गाव जमलेलं असताना, पुढच्या दारात येऊन उभी राहते. दारात नवरा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. ती पाऊल उचलते आणि तो हात आडवा धरतो. म्हणतो, "इस घर की बहू तो मर चुकी. तू कौन है?" आणि धाडकन दार लावतो. ती उंबऱ्यावर डोकं आपटते, रक्त येतं, तिथेच मरते.

थेटर टाळ्यांनी दणाणलं. शिट्ट्या काय, 'शाब्बास' काय! माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "अस्संच पाहिजे." आणि खोटं का बोलू, टाळ्या मीही वाजवल्या. मला त्या क्षणी पडद्यावर कुसुमच दिसत होती, आणि तिचं कपाळ फुटलं याचा मला आनंद झाला.

मग हात थांबले. लाल शालू. भर दुपार. पुढचं दार. चार लोक. आरशासमोरची ती भुवई.

त्या गाढवाने पाचदा बघून सिनेमा पाठ केला होता. रुपचंदजींना सून घरात यायला नको होती, तिला घराबाहेर काढलेलं गावाने बघायला हवं होतं. आणि तिला तिथवर आणायला गळाचं गांडूळ म्हणून मला धाडलं होतं. कारण पारसमलला एवढं पक्कं ठाऊक होतं की बायकांनी तो शेवट पाहिलेला नाही. चाळीसच्या चाळीस सव्वापाचला उठून गेल्या होत्या.

त्या दिवशी पाणीही न पिता झोपले. झोपले कसली. पण रडलेही नाही, आणि कुसुमची दयाही आली नाही. मी व्यवहार केला. एका बाजूला माझी कंचन, दुसऱ्या बाजूला ती. तिने आमच्या तोंडाला काळं फासलं, तर चार लोकांनी तिच्या तोंडावर दार लावलं म्हणून काय आभाळ कोसळणार होतं? सिनेमातली मरते. खरी माणसं अशी मरत नाहीत. धुळ्याला परत जाईल. पक्कं केलं, घेऊन जायचं.

सकाळी पाच नंबरच्या गल्लीत तिची खोली शोधली. पुढे अभिमनचं दुकान, चार मशिनी उघड्या पडलेल्या, मागे एक खोली. दारात त्याची आई बेबाबाई तांदूळ निवडत होती. माझी साडी बघून तिला कळलंच.

"लई जा बाई तिले," ती म्हणाली. "बठ्ठी गल्ली मना तोंडवर हासी राह्यनी." सगळी गल्ली तिच्या तोंडावर हसत होती म्हणे.

अभिमन उठून उभा राहिला. काळा, किडकिडीत, तेलाने माखलेल्या हातांचा. ह्यात तिने काय पाहिलं देव जाणे. मी त्याला चार शिव्या द्यायच्या म्हणून पाठ करून आले होते. तोच आधी बोलला, "अक्का, ती घर जावाना इचार करी राह्यनी. मी आडा येत नही. फक्त तिले कोणी मारानं नही."

माझ्या शिव्या तोंडातच राहिल्या. आत गेले.

कुसुम पाटावर बसून कांदे चिरत होती. आमच्या घरात कांदा येत नाही. तिने नाकाला पदर बांधला होता आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मला बघून ती उठली आणि माझ्या पायांवर पडली. मी पाय मागे घेतले.

"नाटकं नकोत. मी निरोप घेऊन आलेय." आणि मी सगळा निरोप सांगितला, जसा दिला होता तसा. झालं गेलं विसरलो. गुरुवारी बाराला. लाल चुनडी. पुढचं दार.

"पुढच्या दाराने?" तिने तीनदा विचारलं. "त्यांनी स्वतः सांगितलं?"

"स्वतः."

ती बसली आणि लहान मुलीसारखी रडली. म्हणाली, "इथे हा वाईट नाही, भाभी. खूप जपतो. पण गल्लीत उतरले की बायका थुंकतात. त्याची आई जेवत नाही माझ्या हातचं. आणि मला तुमची सगळ्यांची आठवण येते. तुमचीसुद्धा."

ते 'सुद्धा' मला झोंबलं. मी म्हटलं, "आटप. उद्या सकाळी सहाची गाडी आहे."

तिने पेटी उघडली. चुनडी सगळ्यात वरच होती, घडी न मोडलेली. तिने ती डोक्यावर घेतली, आरसा नव्हता म्हणून माझ्यापुढे उभी राहिली. "कोर नीट आहे का बघा ना." मी हात लावून कोर सारखी केली. लग्नाच्या दिवशीही मीच केली होती. तेव्हा सतरा वर्षांची होती, कंचनएवढी.

आणि तिने विचारलं, "भाभी, एक विचारू? त्या सिनेमातलीचं पुढे काय झालं? गाडी सुटली आणि तुम्ही मला ओढून नेलंत. मी रोज विचार करते, ती कुठे उतरली असेल? तीही अशीच परत आली असेल का?"

दुकानदाराच्या घरची बाई मी. खोटं बोलायला माझी जीभ कधी अडखळलेली नाही. "आली ना परत, नवऱ्याने घरात घेतली," एवढंच म्हणायचं होतं. कंचन डोळ्यांसमोर होती, तिच्या त्या खोळी होत्या. मी तोंडही उघडलं.

"मरते ती!" मी ओरडले. "मरते, मूर्खे! असाच निरोप येतो, अशीच लाल नेसून येते, पुढच्या दारात उभी राहते, आणि तो तिच्या तोंडावर दार लावतो. उंबऱ्यावर कपाळ फोडून मरते. तुझा नवरा आठ दिवस आरशासमोर तेच घोकतोय. ते दार तुला आत घ्यायला नाही उघडणार, ते लावून दाखवायचंय. काढ ती चुनडी!"

कुसुमने चुनडीची कोर मुठीत धरली.

"आणि बघणारे?" तिने विचारलं.

"टाळ्या वाजवतात."

तिने चुनडी काढली. घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मग एकदम म्हणाली, "पण मी नाही आले तर कंचनचं?"

"ते मी बघते. तू कांदे चीर." मी बाहेर आले. अभिमनला म्हटलं, "तिला बघून गल्लीत थुंकतात त्या बायकांची तोंडं तू बंद करणार आहेस का नुसत्या मशिनीच दुरुस्त करणार?" तो काय म्हणाला ते ऐकायला थांबले नाही. मला माझाच इतका राग आला होता की गल्लीच्या तोंडाशी एका गाईलाही मी शिवी दिली.

गुरुवारी बाराला जामनेरच्या स्टँडवरून टांगा केला. टांगेवाला वना ओळखीचा. तो बोळाकडे वळवायला लागला. मी म्हटलं, "पुढून घे. पेठेतून."

बाजार भरलेला. आमच्या दारापुढे वाट ठेवून माणसं उभी होती, सर्कस आल्यासारखी. ओट्यावर चार पंच, त्यांच्यात रुपचंदजी, गळ्यात जरीचं उपरणं. आणि दारात पारसमल. पांढराशुभ्र सदरा, पांढरं धोतर, केसांना तेल. मागे सासूबाईंची माळ चालू.

टांग्यातून मी उतरले. मागे कुणी उतरेना. लोक टांग्यात वाकून बघू लागले.

"ती कुठेय?" पारसमलने विचारलं.

मी पायऱ्या चढले. सव्वीस वर्षांत त्या पायऱ्यांवर माझा पाय पडला नव्हता. तीन आहेत की चार हेही मला आठवत नव्हतं. चार आहेत.

त्याला काय करावं कळेना. हात आडवा धरायची सवय झालेली, तो हात आपोआप वर गेला. तोंड उघडलं. "इस घर की..." एवढं बाहेर आलं आणि अडकलं.

"बहू तो मर चुकी," मी म्हटलं. मोठ्याने, म्हणजे ओट्यावर ऐकू जाईल असं. "पाहिलाय मी सिनेमा, शेवटपर्यंत. सरक बाजूला, सकाळपासून घोटभर पाणी मिळालेलं नाही."

गर्दीत आधी एक जण हसला, मग दहा, मग सगळी पेठ. ज्या टाळ्या तो ऐकणार होता त्याऐवजी त्याला ते ऐकावं लागलं. त्याचा हात खाली आला आणि मी आत गेले. पुढच्या दाराने, जिवंत.

रुपचंदजी उठले. पंचांनी समजावलं, आमच्या ह्यांनी टोपी काढून पायावर ठेवली, पण ते टांग्यात जाऊन बसले, मी सोडलेल्याच. सोयरीक मोडली. सासूबाई मला म्हणाल्या, "तिने एक घर मोडलं, तू दुसरं मोडलंस." खरंच होतं. पारसमल महिन्याभरात वेगळा झाला, दुकानाच्या मधोमध भिंत आली. ह्यांनी मला कधी शिवी दिली नाही, पण तीन वर्षं ते माझ्याशी फक्त ताटावर बोलले.

कंचनने त्या संध्याकाळी मला एकच विचारलं. "तुला काकी आवडत नव्हती. मग का?"

काय सांगणार? मला ती अजूनही आवडत नाही. धुळ्यात शिवणाचा वर्ग काढलाय म्हणे, वीस मुली येतात, भाऊ सांगतो. एक पत्र पाठवलं नाही मेलीने. पण तिच्या कपाळावरची कोर मी हाताने सारखी केली होती. आणि त्या थेटरात टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते. ह्यातलं एकही मी कंचनला सांगितलं नाही.

दोन वर्षांनी पहूरच्या एका बिजवराशी तिचं लग्न झालं. माणूस बरा आहे, वयाने जास्त आहे. तिला दोन मुलं आहेत. दिवाळीला येते.

सासूबाई गेल्यावर मी आमचं पुढचं दार बायकांना मोकळं केलं. मी तिथूनच जाते-येते, शेजारणी येतात, परवा भाजीवालीही तिथूनच आत आली. कंचन येणार असेल त्या दिवशी मी सकाळपासून ते सताड उघडं ठेवते आणि ओट्यावर बसते. टांगा पेठेत दिसतो, आमच्या घरापाशी येतो आणि बोळाकडे वळतो. ती मागच्या दाराने येते, मुलांचे हात धरून.

ह्या दिवाळीला मी म्हटलं, "पुढून का नाही येत, बाई?"

"ते दार तुझं आहे," ती म्हणाली. "त्याला फार किंमत पडली."